बिब्याचे फोड

गौतमी,

शाळेतून आलीस की शांत बस आणि एक मुलगी डोळ्यांसमोर आण. तिच्या आजोबांच्या गुडघ्याचं आज ऑपरेशन. दोघांनी मिळून तयारी केली. पाय घसरू नये म्हणून सतरंज्या उचलल्या, संडासात खुर्ची ठेवली, रक्त पातळ करायची गोळी सांगितल्या दिवशी बंद केली. काल शेजारच्या चांगुणाबाई म्हणाल्या, "बिबा लाव गं, लई आराम पडतुया." मुलीने बिब्याचा चीक मायेने गुडघ्याला लावला. तिचा उत्साह बघून आजोबांनीही पाय पुढे केला. सकाळी सगळ्या गुडघ्यावर फोड.

फोड आलेल्या कातडीवर डॉक्टर चिरा देत नाहीत, जंतू आत जातात. हे मला माहीत होतं, म्हणून चूक माझी. रवीकाका गाडी घेऊन आलाय, म्हणून जातोय. पण डॉक्टर परत पाठवतील. आणखी उशीर झाला तर माझं हृदय भूल सोसणार नाही, असं डॉक्टर मागेच म्हणाले होते. आता दुसरी तारीख मिळेल असं वाटत नाही.

त्या मुलीने फोड पाहिले, आजोबांच्या पायजम्याचा वर सरकलेला पाय हळूच गुडघ्याखाली ओढला आणि डबा न घेताच शाळेत गेली.

आजोबा