आईच्या मानेवरची बट

डनेडिन, न्यूझीलंड, ४ जून
ती. आईस सा. न. वि. वि.
बाबा जाऊन वर्ष झालं, तरी तू दर पत्रात मजेत असल्याचंच लिहितेस. माझा विश्वास नाही. आमच्या प्रयोगशाळेत केसांवरून ताण कळतो. त्याचा हार्मोन केसात उतरतो, सुई टोचावी लागत नाही. मानेवरची काडीएवढी बट कापून पाठव. तीन सेंटिमीटरांत तीन महिने मावतात. ताण जास्त निघाला तर घर बंद करून माझ्याकडे राहायला यायचं.
लोभ आहेच, माझ्या हट्टासकट असू दे.
तेपाएरू

आइतुताकी बेट, २६ जून
चि. तेपाएरूस अ. उ. आ.
केस कापणं काय न्हाव्यावर सोडायचं? तुझा भाऊ पुरुष झाला म्हणून त्याचे लहानपणापासून वाढवलेले केस उतरवले तेव्हा गाव जमलं होतं. मीही तशीच खुर्चीवर गोधडी अंथरून बसले. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, नऊ जणींनी रिबिनी बांधून एकेक बट कापली, डुक्कर भाजलं. माइनेमावशी म्हणते, आता मी पुरुष झाले, उद्यापासून होडी घेऊन मासे आणायचे.
पण अट एकतर्फी नको. तुझेही केस तपास. जिचा ताण जास्त, तिने दुसरीच्या घरी यायचं.
तुझी आई

डनेडिन, १५ जुलै
ती. आईस सा. न.
नऊ बटा रिबिनींसकट पोचल्या, सगळे हसतायत. आई, ही नुसती टोकं आहेत. चार वर्षं समुद्राने आणि खोबरेलाने धुतलेली, त्यांत काही उरत नाही. कातडीलगत कापलेली एकच बट हवी, समारंभाशिवाय. माझेही केस तपासायला लावते. मला कसली भीती?
तेपाएरू

डनेडिन, २० सप्टेंबर
ती. आईस सा. न.
दुसरी बट मिळाली. निकाल दोनदा तपासला. तुझा ताण अगदी कमी, माझा तुझ्या तिप्पट. यंत्र बिघडलंय असं मी म्हटलं, तर साहेब म्हणाले, यंत्र उत्तम आहे. केस कारण सांगत नाहीत, पण मला ठाऊक आहे. बाबा आजारी असताना मी कामाचं निमित्त करून आले नाही. ते मी कुणाशीच बोलले नव्हते. आधी रडले, मग हसू आलं.
तुझी हरलेली तेपाएरू

आइतुताकी, २ ऑक्टोबर
चि. तेपाएरूस अ. उ. आ.
बाबांनी कधी रुसवा धरला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, माझी मुलगी मोठ्या कामात आहे. मला त्यांची आठवण रोज येते, पण मावशी एकटीने रडू देत नाही.
ठरलं ते ठरलं, तिकीट काढ. लोभ मोजायचं यंत्र तुमच्याकडे नाही म्हणून लिहिते, तो भरपूर आहे. गोधडी उन्हात घातलीय, मावशीने कात्रीला धार लावलीय. इथे तुझे केस तीन सेंटिमीटर वाढल्याशिवाय परत जायचं नाही.
तुझी आई