डब्यातले अकरा फोटो

नाहूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. संघमित्रा हिस,

सप्रेम जयभीम. मी ठीक. तू आणि प्रांजल ठणठणीत असाल असं धरून चालते.

फोन करत नाही, कारण केतन रोज संध्याकाळी माझा फोन उघडून बघतो. समोरच्या दारातली वनमाला रोज वाकोल्याला ड्युटीला जाते, तिच्या पर्समधून ही चिठ्ठी तुझ्या माहेरी पोचेल. उत्तरही तिच्याच हाती दे.

तू घर सोडून गेलीस त्याला उद्या महिना होईल. सासू म्हणून स्पष्ट बोलते, राग आला तर येऊ दे. पुरुषाचा हात उठतो, म्हणून कोणी संसार मोडत नाही गं. केतनने प्रांजलचा ताबा मागायला कोर्टात अर्ज टाकलाय. वेळीच परत ये, नाहीतर पोरगी जाईल आणि हात चोळत बसशील.

आता कामाचं. येत्या नऊ तारखेला नानांचं पुण्यानुमोदन आहे. वर्ष झालं माणूस जाऊन. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची लग्नं, सभा, बारशी यांचे फोटो काढले, आणि त्या निगेटिव्ह तू दोन वर्षं खपून, स्कॅन करून त्या काळ्या डब्यात भरल्यास. मूळ निगेटिव्ह आणि अल्बम बुरशीने गेले, म्हणजे माझा नवरा आता त्या डब्यातच आहे. पाहुण्यांना टीव्हीवर फोटो दाखवायचेत. केतनला विचारलं तर अंगावर ओरडला. तूच सांग कसं करायचं.

प्रांजलला पापा. थोडी माया शिल्लक असेल तर उत्तर धाड.

तुझी
आई


वाकोला,
५ फेब्रुवारी

ती. आईंना,

सप्रेम जयभीम. प्रांजल मजेत आहे, इथल्या शाळेत तिला मैत्रीण मिळाली.

तुमची चिठ्ठी वाचून आधी फाडणार होते. गेल्या महिन्यात माझ्या डोक्याला पाच टाके पडले, तेव्हा डॉक्टरांना 'बाथरूममध्ये पडली' कोणी सांगितलं? तुम्ही. हे मी विसरलेली नाही आणि विसरल्यासारखं दाखवणारही नाही. त्याच दिवशी त्याने माझा फोन वरवंट्याने ठेचला. आता वकीलबाई म्हणतात, पुरावा आणा, नाहीतर प्रांजलचं अवघड आहे. तुमचा मुलगा कोर्टात म्हणतोय की मी वेडी आहे, स्वतःच आपटून घेते.

पण नाना माझे होते. मी गरोदर असताना ते रोज माझ्यासाठी पेरू आणायचे. त्यांच्यासाठी सांगते. डबा टीव्हीच्या मागे आहे, त्याला हात लावू नका. हिरवे दिवे लागलेले असले की तो चालू असतो. टीव्हीवर 'फोटो' उघडा, मग 'नाना' लिहिलेलं दाबा, मग तिरका बाण दाबा. फोटो आपोआप पुढे सरकतील. आणि कृपा करून डब्याची वायर ओढू नका. चालू असताना वायर ओढली तर सगळं पुसलं जाऊ शकतं.

केतनला माझ्या चिठ्ठीबद्दल कळू देऊ नका. बाकी काय लिहू? तब्येतीला जपा.

संघमित्रा


नाहूर,
११ फेब्रुवारी

चि. संघमित्रा,

जयभीम. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

वाट लागली. पंचवीस माणसं बसली होती. भन्तेजींनी वंदना घेतली, खीर झाली, मग मी रिमोट दाबला. पहिली दहा मिनिटं झकास चाललं. नानांनी टिपलेली आमच्या लेकीची, नलिनीची हळद, वॉर्डातली गटारदुरुस्ती, नवरदेव चंद्रप्रकाश घोड्यावर. लोक हसत होते, नावं घेत होते. आणि मग टीव्हीभर तुझी पाठ आली. निळी, काळी, पट्ट्याच्या बकलाची खूण मोजता येईल अशी. त्यानंतर नानांची एक सभा. मग तुझा सुजलेला डोळा. मग कोणाचं तरी बारसं. मग तुझा गळा, त्यावर पाच बोटं.

मला रिमोटने ते बंद करता येईना. खोटं कशाला बोलू, बंद करावंसंही वाटेना. नलिनी रडायला लागली. केतनने उठून टीव्हीचं बटण बंद केलं, रिमोट भिंतीवर फेकून फोडला आणि सगळ्यांना घराबाहेर काढलं. भन्तेजींनाही. मग मला विचारलं, हे तिच्या सांगण्यावरून केलंस ना? मी नाही म्हटलं. त्याने समोरची गरम खिरीची कढई लाथेने उडवली, माझ्या पायावर सांडली. पाय भाजलाय, फार नाही.

आधी मला तुझाच राग आला. नानांच्या दिवशी आमची अब्रू चव्हाट्यावर आणलीस म्हणून. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी टीव्ही पुन्हा लावला, टीव्हीवरच्या बटणांनी. एकटी बसून सगळं बघितलं. अकरा फोटो आहेत. प्रत्येकाखाली तारीख येते. त्या अकराही तारखांना मी या घरात होते, मित्रा.

त्याला डबा फोडायचाय, पण बापाचे फोटो जातील म्हणून थांबलाय. रविवारी तो कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस आणणार आहे, तुझे तेवढे पुसून टाकायला. मी काय करू ते लवकर लिही.

आई


वाकोला,
१३ फेब्रुवारी

ती. आई,

पायाला बर्नॉल लावत बसू नका, वनमालाताईंना दाखवा, त्या हॉस्पिटलात कामाला आहेत.

चूक माझी. मार खाल्ला की मी फोटो काढायचे आणि नानांच्या 'गटारदुरुस्ती' या फोल्डरमध्ये टाकायचे. वाटायचं, गटारं बघायला कोण जाणार? टीव्ही आतले सगळे फोल्डर एकत्र करून दाखवतो, हे डोक्यातच आलं नाही. बाहेरून तो डबा उघडत नाही, फक्त घरातच चालतो, असा मीच लावलाय. आणि तुमच्याकडे मागायची हिंमत नव्हती. तुम्ही त्याला सांगाल असं वाटलं.

आता मागते. डब्यात दोन डिस्क शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींत अगदी तेच भरलेलं आहे. एक काढली तरी दुसरीत सगळं राहतं. डबा चालूच राहू दे, डाव्या डिस्कची खिटी दाबा, ती पुस्तकासारखी बाहेर येईल. टॉवेलमध्ये गुंडाळून वनमालाताईंना द्या. शनिवारी दुपारी, तो नसताना. तो घरी असेल तर डब्याजवळही जाऊ नका. मला पुरावा हवा आहे, पण तुमच्या जिवाच्या बदल्यात नको. हे मनापासून लिहितेय.

काळजी घ्या. प्रांजल विचारते, आजी कधी येणार.

संघमित्रा


मुलुंड,
१८ फेब्रुवारी

चि. मित्रा,

सप्रेम जयभीम. अक्षर वनमालाचं आहे, बोलतेय मी. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. नलिनीने तिच्या घरी आणून ठेवलंय. ती आता नाहूरला जाऊ देत नाही आणि मलाही जायचं नाही.

डिस्क तुला पोचली ते वनमालाने सांगितलं. पण बाई, डिस्क काढली की तो डबा बोंबलायला लागतो, हे लिहायचं विसरलीस ना! खिटी दाबली, डिस्क वनमालाच्या हातात दिली, ती घेऊन ती समोर तिच्या घरी गेली, आणि डबा टीं टीं करत सुटला. वायर काढली असती तर गप्प झाला असता. पण वायर ओढली तर सगळं पुसलं जाईल, हे तुझं वाक्य डोक्यात पक्कं. दुसरीतले नाना तरी राहू देत, म्हणून मी वायरीला हात लावला नाही. वर उशी ठेवली, गोधडी ठेवली आणि त्यावर स्वतः बसले. दीड तास बसले होते. चार वाजता केतन आला.

त्याला जिन्यातूनच आवाज आला होता. मला केसांना धरून उठवलं. डिस्क कुठे आहे, एवढंच विचारत होता. मी सांगितलं नाही. त्याने हात मागे पिळला, हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मग डबा उचलून भिंतीवर आपटला, खाली पडल्यावर पाट्याने ठेचला. त्यातही सगळे नाना होते. मी म्हटलं, अरे तुझा बाप आहे तो. तर पाटा माझ्या अंगावर फेकला, खांद्याला लागला. वनमाला माणसं घेऊन आली म्हणून आज हे सांगायला आहे.

हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, कशा पडलात? मी म्हटलं, "पडले नाही. मुलाने मारलं." त्यांनी तसं लिहून घेतलं, पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. केतन आत आहे. पोटचा पोर आहे, काळीज तुटतं, तरी जबाब मागे घेणार नाही.

अठ्ठावीस तारखेला मी कोर्टात येते. फोटो तुझ्या वकीलबाई दाखवतील, पण एक गोष्ट त्यांना कळणार नाही, ती मी सांगणार आहे. त्या अकराही फोटोंत तुझ्या मागची खिडकी बंद आहे. मे महिन्यातल्या फोटोतसुद्धा. तू रडायला लागलीस की मी बाहेरच्या खोलीतून येऊन ती लावायचे, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायचे.

पत्राखाली लोभ ठेव असं लिहायची रीत आहे. तेवढं मागायचं तोंड मला नाही.

सुंदराबाई