मराठी आकड्यांच्या चाली

केंब्रिज, २७ जानेवारी २०२५

ती. वैजयंतीआत्यास शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी 'हो, ठीक' एवढंच बोलतो म्हणून तू पत्राची सक्ती केलीस, तर घे. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा मी क्वार्टरबॅक. चेंडू कुणाकडे फेकायचा ते मी ठरवतो आणि चाल ओरडून सगळ्यांना कळवतो. चालींचे आकडे सगळ्याच टीमना ठाऊक असतात, म्हणून समोरच्यांना कळू नये यासाठी मी ते मराठीत बसवलेत. टीममधला टोबी 'त्रेपन्न' म्हणतो तेव्हा हसू आवरत नाही. इथे मराठी कानावर पडते ती तेवढीच.

पण ओळीने तीन मॅच हरलोय. रविवारीही हरलो तर मंगळवारी टीम मत घेऊन माझ्या जागी टोबीला आणणार. मैदानाबाहेर माझ्याशी फारसं कुणी बोलत नाही, आत्या. ही जागा गेली तर काय करू?

उत्तराची वाट पाहणारा,
परीक्षित

बेसिंगस्टोक, ३० जानेवारी

चि. परीक्षितास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, खेळ ढिम्म कळला नाही. फेकाफेकीत तू लहानपणापासून पटाईत, नागपूरच्या घरच्या दोन काचा साक्षीला आहेत. पण या देशात मराठी कुणालाच कळत नाही असं समजू नकोस. शंका आली की सरळ इंग्रजीवर ये. हट्टापायी जागा घालवू नकोस.

परवा सुपरमार्केटमध्ये मराठी ऐकू आली, तर मी त्या बाईच्या मागेमागे ब्रेडच्या रॅकपर्यंत गेले. ती फोनवर होती. तुझे आत्तोबा गेल्यापासून घर खायला उठतं रे.

जेवत जा. माया आहेच.
आत्या

केंब्रिज, ५ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

हरलो. समोरच्या टीममधला नकुल पुण्याचा निघाला. पहिल्याच आकड्याला तो हसला आणि चेंडू येणार त्या बरोब्बर जागेवर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या वेळी मला आडवं पाडून, अंगावर असतानाच, कुठला रे तू म्हणून विचारलं.

तुझा सल्ला आठवत होता. टोबीही इंग्रजीत बोल म्हणून ओरडत होता. मी बदललं नाही. उलट नकुलला नीट ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्याने आकडे ओरडलो, अगदी शेवटपर्यंत. हे फक्त तुला सांगतोय. मॅच संपल्यावर त्याला शोधलं, तर त्यांची बस निघून गेली होती.

काल टोबीसाठी पहिला हात मीच वर केला. आता चाली इंग्रजीत.

येत्या रविवारी मी रेषेबाहेर उभा असेन. तू येशील का? खेळ नाही कळला तरी चालेल. शेजारी उभी राहून नुसते भाजीचे भाव सांग.

तुझाच,
परीक्षित