काकांचे बोकड आणि रानमेंढ्यांचा डोंगर

बाबा, यंदाही कोकरं खोकायला लागली. मी समोरच्या उतारावर दुर्बीण लावून बसले होते. वारा पडला तसा आवाज माझ्यापर्यंत आला, कोरडा, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी कुठे असते, काय करते हे तुम्हाला ठाऊकच नाही. अमेरिकेच्या पश्चिमेला, एका डोंगराळ राज्यात मी रानटी जनावरांची डॉक्टर आहे. तुम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गाईम्हशी आणि शेळ्या बघायचात, मी रानमेंढ्या बघते. त्यांच्या नरांची शिंगं दंडाएवढी जाड असतात आणि कानाभोवती वळत येतात. सरळ उभ्या कड्यावर त्या बिनधास्त उड्या मारतात. आणि या असल्या जनावराला संपवतो एक साधा जंतू. पाळीव शेळ्यामेंढ्यांच्या नाकात तो असतो, त्यांचं त्यानं फारसं बिघडत नाही, फार तर नाक गळतं. रानमेंढीला मात्र त्यानं न्यूमोनिया होतो. जगल्यावाचल्या मेंढ्या तो नाकात बाळगून राहतात आणि मग दर उन्हाळ्यात नवी कोकरं जातात. कामाची लस नाही, कड्यावर जाऊन औषध देता येत नाही. पाळीव जनावर त्यांच्याजवळ जाऊ द्यायचं नाही, एवढंच आमच्या हातात उरतं.

इथे काही लोक डोंगरात सामान वाहायला बोकड नेतात. खच्ची केलेले, चांगले थोराड, पाठीवर दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेले. आमच्या गावात असे चार बोकड पाळणारे एक काका आहेत, मूळचे नागपूरचे. ईडन प्रेरी नावाच्या इथल्याच एका शहरात आयटीमध्ये नोकरी केली, आणि काकू गेल्यावर तिथलं घर विकून इकडे आले. डोंगरातल्या वरच्या तळ्याकाठी ते दोघं दर उन्हाळ्यात तंबू ठोकायचे, म्हणून. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वजन उचलायची मनाई आहे. "हे माझे पोर्टर," असं ते बोकडांकडे बघून म्हणायचे. या गावात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचं हे ठरलेलं. काकूंची आठवण काढत ते गोळाभात करायचे आणि दर वेळी म्हणायचे, "तिच्यासारखा नाही जमला यार."

ते तळं रानमेंढ्यांच्या वाटेवर आहे. जंगल खात्याने त्या भागात बोकड न्यायला बंदी करायचं मनावर घेतलं तेव्हा माझं मत मागितलं. मी काकांच्या बोकडांच्या नाकातले नमुने घ्यायला गेले. डोकी त्यांनी स्वतःच धरली, प्रत्येकाच्या कानात काहीतरी पुटपुटत. एकाच्या नाकात जंतू निघाला. ते मी त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरात सांगितलं. त्यांच्या मुलीचा जर्सी सिटीहून फोन चालू होता, स्पीकरवर.

"अगं, पण तो आजारी कुठे आहे? बघ ना त्याच्याकडे."

"त्याला काही होणारच नाही, काका. तीच तर पंचाईत आहे."

"मग त्याला घरी ठेवतो. बाकीचे निगेटिव्ह आहेत ना?"

"आज आहेत. एकाच गोठ्यात राहतात, एकाच टबातलं पाणी पितात."

"मी त्यांना मोकळं कधी सोडतो का? दोरी धरूनच नेतो."

"रानमेंढा आपणहून जवळ येतो, काका. त्याला ते आपल्यातलेच वाटतात."

फोनमधून मुलगी म्हणाली, "डॅड, शी इज जस्ट डुइंग हर जॉब." काका म्हणाले, "आय नो, बेटा," आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

शाळेच्या हॉलमध्ये लोकांची सभा झाली. सगळ्यांसमोर काका उठले आणि मला इंग्रजीत विचारलं, "माझे बोकड गेले नाहीत तर मेंढ्या वाचतील?" मी म्हटलं, सांगता येत नाही. गेले तर धोका वाढेल, एवढंच नक्की. ते मान हलवून खाली बसले. त्या क्षणी मला तुम्ही आठवलात. मी शाळकरी पोर आहे, तुमच्या मोटरसायकलवर मागे बसून धनगरांच्या मुक्कामावर आलेय. रोगानं शेळ्या पटापट पडताहेत. मी रडायला लागते आणि त्या घरची बाई हातातलं सोडून मला पाणी देते, पाठीवरून हात फिरवते. परतताना तुम्ही गाडी थांबवून मला झापलंत. "जनावरं त्यांची गेली. तू रडलीस की तुझी समजूत घालायचं कामही त्यांच्यावर येतं." त्या हॉलमध्ये मी रडले नाही, बाबा. त्यानं काकांचं काय हलकं झालं, ते मात्र मला कळलं नाही.

बंदी आली. वरच्या तळ्याकडे बोकडांशिवाय जाणं काकांना शक्य नव्हतं. दुसरीकडे कुठे न्यायची त्यांची इच्छा नव्हती. लांब सपाटीवरच्या एका कुटुंबाला त्यांनी ते देऊन टाकले. मी गेले होते त्या दिवशी. ट्रेलरचं दार उघडल्याबरोबर चारही बोकड आपणहून आत चढले. डोंगरावर निघालोय असंच त्यांना वाटलं असणार. काका नुसतं "बघ" म्हणाले आणि घरात गेले.

आणि त्यानंतर हा खोकला. मेलेलं एक कोकरू मी खाली आणलं, फुप्फुस तपासायला पाठवलं. त्यातला जंतू काकांच्या बोकडाच्या जंतूशी जुळला नाही. दरीतल्या खाजगी कुरणांवर पाळीव मेंढ्या चरतात, तिथे बंदी पोचत नाही. तिथून आला असेल, नाहीतर कळपात आधीपासून असेल. बंदी चुकली असं मला आजही वाटत नाही. काकांच्या बोकडाचा, दुसऱ्या जातीचा जंतूही वर पोचला असता तर मोठ्या मेंढ्याही पटापट गेल्या असत्या. पण जे घडलं नाही ते कुणाला दाखवता येत नाही. घडलंय ते समोर दिसतं. कड्यावर मोठ्या मेंढ्या तेवढ्या उभ्या आहेत, त्यांच्यामागे कोणी नाही. त्यांची दुधानं ताठलेली कास मला दुर्बिणीतून दिसते.

परवा रविवारी काकांनी विचारलं, "मग, यंदा कोकरं कशी आहेत?" ते भाताला फोडणी देत होते, पाठ माझ्याकडे होती. मी म्हटलं, "बरी आहेत, काका." ते म्हणाले, "चला, तेवढं तरी झालं."

हे मी तुम्हाला लिहिलं, पण खरं म्हणजे हे वाचू शकेल असा इथे एकच माणूस आहे, आणि त्याला हे सांगायची माझ्यात हिंमत नाही.