पप्पाच्या ॲम्पच्या ट्यूबा

ज्यूड,

चिठ्ठी तुझ्या हेल्मेटमध्ये ठेवलीय. फ्रिजवर लावली असती तर पप्पाने वाचली असती.

अरे, मी काल विठ्ठलवाडीला गेलेले! पप्पाच्या गिटारच्या ॲम्पमधल्या त्या दोन काचेच्या ट्यूबा काढून, रेडिओ रिपेअरवाल्या हासू अंकलकडे. त्यांनी तीन तऱ्हेच्या नव्या जोड्या मांडल्या: चायनाची, रशियाची आणि एक जुन्या स्टॉकची, अजून खोक्यातली. विचारलं, "रॉक बजाता है या शादी में?" मी म्हटलं, शादी में, तेपण वॉल्ट्झ. मग जुन्या स्टॉकचीच दिली. कितीपण जोरात वाजवलं तरी आवाज फाटत नाही म्हणे. मी जाम खूश!

निघताना अंकलने पप्पाच्या जुन्या ट्यूबा सहज टेस्टिंगच्या मशीनवर लावल्या. काटा सरळ हिरव्यात! दोन्ही एकदम चांगल्या आहेत, ज्यूड. आणि मम्मी गेल्यापासून दोन वर्षं पप्पा आपल्याला सांगतोय, ट्यूबा गेल्यात म्हणून वाजवत नाही.

तरी मी नवी जोडी घेतलीच. डायनिंग टेबलावर ठेवलीय. तू हात लावू नकोस, त्यालाच बसवू दे. फक्त चालू करायच्या आधी स्पीकरची वायर जोडलीय ना बघ, नाहीतर ॲम्प जळेल. जुन्या मी फेकल्या असं सांग. माझ्या कपाटात आहेत.

रविवारी तुझ्या एंगेजमेंटला तो वाजवणार, लिहून घे. आणि वाजवून झाल्यावर बोलला ना, "बघितलं, ट्यूबाच गेलेल्या," तर गप मान हलव.

स्वीडल