नऊ मिनिटं मशीनबद्दल

प्रिय बाबा,

कारखान्यातल्या आम्ही बायका दुपारी जोडीने बसतो. दहा मिनिटं एकीने मन मोकळं करायचं, दुसरीने ऐकायचं, मग उलट. सल्ला द्यायचा नाही. काल नऊ मिनिटं मी मशीनबद्दलच बोलले. माझ्या जोडीला बसलेल्या वेल्डरताई म्हणाल्या, "मशीनचं कळलं गं बाई, तुझं काय?"

तेव्हा सांगितलं. तुम्ही कारखान्यात झाडत असताना साहेब तुम्हाला "ए झाडूवाल्या" म्हणून हसले, त्या दिवशी मी ओळख न दाखवता मीटर तपासत राहिले. मलाही तसंच हिणवतील, अशी भीती वाटली. सांगताना रडले. ताईंनी माझा हात सोडला नाही.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. उद्या आमच्या विभागात झाडायला आलात की सगळ्यांसमोर "बाबा" अशी हाक मारीन. दचकू नका.

तुमचीच लेक