डोकं सोबत आणा

रविवार, अठरा तारीख
सकाळचे साडेदहा

प्रिय बारकीस,

ताईचा आशीर्वाद. तीनच वर्षांनी मोठी असले तरी आशीर्वादाचा हक्क मी सोडणार नाही. इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. आईचा गुडघा, बाबांचं पेपर मोठ्याने वाचणं आणि वरच्या मजल्यावरच्यांचं फर्निचर सरकवणं, तिन्ही चालू. मावशीला नमस्कार सांग. तिच्याकडे तुझी खोली उजेडाची आहे ना? कानातली शिट्टी कमी झाली का?

फोन करायचा सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर मी काही बोलायला गेले की तू "जाऊ दे गं ताई" म्हणतेस, आणि मी खरंच जाऊ देते. कागद मध्ये बोलत नाही.

तर बातमी अशी की गेला आठवडाभर मी तुझ्यासाठी हेल्मेट शोधतेय आणि माझं स्वतःचं डोकं फिरायची वेळ आली आहे. पहिल्या दुकानात शिरल्याबरोबर त्या माणसाने गुलाबी फुलपाखरांचं काढलं. म्हटलं, मला फुलपाखरं नकोत, मजबूत दाखवा. तर म्हणे, "लेडीजमध्ये हेच चालतं." म्हणजे आपण पडलो तर रस्ता बघून ठरवणार, लेडीज आहे, हळू लागू दे. दुसऱ्या दुकानात सगळ्यांना एकच माप. "पट्टा ओढला की बसतं, मॅडम." तिसऱ्यात मी किंमत विचारली आणि त्याने उत्तर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला दिलं. तो बिचारा बॅटरी घ्यायला आला होता.

चौथं दुकान लॅबच्या मागच्या गल्लीत आहे. दातांचे साचे पोचवायला मी तिथून दिवसातून चारदा जाते, पण कधी आत गेले नव्हते. म्हातारा दुकानदार, चष्मा कपाळावर. कुणासाठी, म्हणाला. म्हटलं, बहिणीसाठी.

"डोकं केवढं?"

"माझ्यापेक्षा लहान."

"किती लहान?"

आता काय सांगणार? तुझ्या वेण्या मी घातल्या, उवा मी काढल्या, शाळेत असताना तुझ्या केसात अडकलेला च्युइंगम कात्रीने कापून आईचा मार मी खाल्ला, आणि तुझं डोकं केवढं ते मला सांगता येईना.

"बाई, पाय घरी ठेवून चप्पल घ्यायला जाता का? डोकं सोबत आणा."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नेहमीची मी असते तर दोन शब्द सुनावून पायऱ्या उतरले असते. पण थांबले. त्याने एक हेल्मेट माझ्याच डोक्यात घातलं आणि सांगायला लागला. गाल दाबले गेले पाहिजेत. कपाळापाशी बोट आत जाता कामा नये. हेल्मेट धरून हलवलं की कपाळाची कातडीही हलली पाहिजे, नाहीतर ते नुसतं टोपलं. आणि आतला थर्माकोल एकदा दबला की संपला, वरून कितीही चकचकीत दिसू दे. मग विचारलं, "बहिणीकडे आधी कोणतं होतं?"

"नव्हतंच," म्हणाले मी.

होतं. बाबांचं होतं, अकरा वर्षांचं. लहान पातेल्यावर मोठं झाकण ठेवावं तसं ते तुझ्या डोक्यावर फिरायचं. तू मला म्हणालीही होतीस, "ताई, हे फिरतंय गं." मी म्हणाले, "पट्टा आवळ, उशीर होतोय." मग तू रोज आत ओढणीची घडी घालायला लागलीस. माझं स्वतःचं मात्र मी तीन दुकानं फिरून, मापाचं, नवं घेतलं होतं. तुझं पुढच्या महिन्यात घेऊ असं सात महिने म्हणत होते.

हे तुला माहीतच आहे. माहीत नाही ते आता लिहिते. पेन दोनदा खाली ठेवून झालंय, चहाही झालाय, आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

अपघाताच्या आधी तीन आठवड्यांची गोष्ट. गाडीचं तेल बदलायचं होतं. तुला ठाऊक आहे, गॅरेज म्हटलं की माझं डोकं आधीच तापलेलं असतं. सात वर्षं गाडी चालवतेय, तरी "साहेबांना पाठवा." कोणते साहेब? एकाने चांगली चेन बदलून पैसे उकळले, दुसऱ्याने मला ब्रेक कुठे असतो ते दाखवलं. म्हणून मी ठरवलं होतं की आता कुणाचं ऐकायचं नाही, आपलं आपण बघायचं. मोठ्या दुकानातून सगळ्यात महागाचा डबा उचलला. त्यावर लिहिलं होतं, इंजिन लोण्यासारखं चालेल. तो घेऊन गॅरेजवाल्या काकांकडे गेले.

काकांनी डबा फिरवून बघितला. म्हणाले, "ताई, हे चारचाकीचं आहे. हिच्यात नको. हिचा क्लच याच तेलात बुडालेला असतो. हे फार गुळगुळीत पडतं, प्लेटा घसरतील."

मला शब्द ऐकूच आले नाहीत. मला फक्त सूर ऐकू आला, तोच, साहेबांना पाठवा वाला. चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणाले, "तुमच्याकडचं खपवायचंय म्हणून सांगताय. मला शिकवू नका. घाला हेच." त्यांनी आणखी एकदा विचारलं. मग घातलं.

सात वर्षांत एका माणसाने मला सरळ, खरा सल्ला दिला, आणि नेमका त्यालाच मी हिसका दाखवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर रिकामाही नव्हता, मागे तू बसली होतीस.

दोन आठवड्यांतच गाडी चढावर ओरडायला लागली. तुला जाणवलं होतं. गाडीतलं ओ की ठो कळत नसताना तू म्हणालीस, "ताई, गाडी नुसती ओरडतेय, पळत नाहीये." मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "तू मागे गप बस. चालवायचं मला कळतं."

त्या दिवशी पुलाच्या चढावर पुढे टँकर होता. मी त्याला मागे टाकायला उजवीकडे घेतली आणि मूठ पिळली. इंजिन किंचाळलं, गाडी जागची पुढे सरकेना. समोरून बस आली. मी घाईघाईने पुन्हा डावीकडे घुसले, ब्रेक दाबला, कडेची खडी होती, आणि पडलो. माझं कोपर खरचटलं. बाबांचं हेल्मेट तुझ्या डोक्यावर फिरलं आणि कानावरचा भाग उघडा पडला.

हॉस्पिटलच्या जिन्यात बाबांनी विचारलं, "कसं झालं गं?" मी म्हणाले, "ती मागे हलली. माझा तोल गेला."

एवढं एकच वाक्य. ठरवून बोलले नाही, तोंडातून गेलं. पण गेलेलं परत घ्यायला चार महिने होते माझ्याकडे. तुला त्या दहा मिनिटांतलं काहीच आठवत नव्हतं. शुद्धीवर आलीस तेव्हा आईने तुला तेच सांगितलं, जे मी सांगितलं होतं. आणि तू, डोक्याला एवढं मोठं बँडेज बांधलेलं, माझा हात धरून म्हणालीस, "सॉरी ताई, माझ्यामुळे तुला लागलं." मी तुझे केस सारखे केले आणि म्हणाले, "असू दे."

असू दे म्हणाले मी. ऐकतेस ना? चीड येत नाही का तुला? मला इतकी येते की गाडी पुसताना फडकं फाडून ठेवलंय.

नंतर काकांनी इंजिन खोललं. क्लचच्या प्लेटा बोटावर घेऊन बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि अक्षरही बोलले नाहीत. मी तुम्हाला सांगितलं होतं, एवढं जरी म्हणाले असते तरी मला भांडता आलं असतं.

तू मावशीकडे गेलीस तेव्हा म्हणालीस की हॉस्पिटल तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. मी मान डोलावली. पण परवा आईने सांगितलं, तू वेगळी भाड्याची खोली बघतेयस, आणि तिला म्हणालीस, "मी ताईच्या गाडीवर बसायच्या लायकीची नाही, पुन्हा काहीतरी करून ठेवीन." ऑफिसात तुला कानामुळे चौकशीच्या फोनवरून उठवून फॉर्म तपासायला बसवलंय तेही तू असंच घेतलंस म्हणे, माझीच चूक म्हणून.

काल गॅरेजमध्ये गेले. काकांना म्हणाले, "माझं चुकलं. कोणतं तेल घालायचं ते तुम्हीच सांगा." आयुष्यात एवढं जड वाक्य मी उच्चारलं नव्हतं. त्यांनी मोटारसायकलचं काढलं, डब्यावर काय बघायचं ते दाखवलं, आणि विचारलं, "धाकट्या ताई कशा आहेत?"

घरी येऊन जेवताना आई-बाबांना सगळं सांगितलं. बाबा ताटावरून उठले. अजून माझ्याशी बोलत नाहीत. आज पेपरही मनात वाचला, म्हणजे वर लिहिलं ते खोटं आहे, तिन्ही चालू नाहीत. आईने एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस?"

म्हणून हे.

माफ कर असं लिहिणार होते, पण ते पुन्हा तुझ्यावरच काम टाकल्यासारखं होईल. तू लगेच "जाऊ दे गं" म्हणशील. या वेळी जाऊ देऊ नकोस. चीड, शिव्या घाल, महिनाभर बोलू नकोस. खोली घ्यायची तर घे, पण लायकी नाही म्हणून घेऊ नकोस, माझ्यावर रागावून घे.

आणि गाडीवर बस असं मी म्हणत नाहीये. हेल्मेट तरीही तुझ्या मापाचं असलं पाहिजे, मागे कुणाच्याही बसलीस तरी. तो म्हातारा मंगळवार सोडून रोज असतो. कधी यावंसं वाटलं तर कळव, मी बसने येईन आणि बाहेर उभी राहीन. डोकं तुझं आहे, घट्ट कुठे नि सैल कुठे ते तूच सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही.

बारके, तू मागे गप बसली होतीस. मी सांगितलं होतं तशीच.

तू हलली नव्हतीस.

गाडी चालवणारी,
ताई